रिकाम्या जागेची किंमत

मनोरीहून मालाडला जायचे तर मार्व्याची बोट धरावी, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा घ्यावा. एखादी बोट बिघडली की तिची गर्दी दुसरीवर येते आणि धक्क्यावर रांग लागते. मुंबईच्या विजेचा इतिहास वाचताना मला हा धक्का वारंवार आठवतो. फरक एवढाच, की वीज रांगेत थांबत नाही.

मुंबईला मोठ्या प्रमाणावर वीज आली तीच लांबून. फेब्रुवारी 1915 मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातली जलविद्युत सुमारे 70 किलोमीटरच्या तारांवरून परळला पोचली आणि गिरण्या वाफ सोडून विजेकडे वळू लागल्या. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली. पाणी सह्याद्रीत, मागणी समुद्रकाठी. मधल्या तारा हीच शहराची नाडी झाली.

अशा तारांचा एक स्वभाव असतो. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार क्षणात उरलेल्या वाहिन्यांवर जातो. त्या आधीच भरलेल्या असतील तर तापतात, खाली झोळतात आणि त्यांचे रक्षण करणारे रिले त्यांनाही तोडतात. म्हणून वीजव्यवस्थेचा जुना नियम असा, की कोणतीही एक वाहिनी गेली तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. म्हणजे रोज थोडी जागा रिकामी ठेवायची. वाहिन्यांवर कोंडी होऊ लागली तर पलीकडची स्वस्त निर्मिती कमी करून अलीकडची महाग निर्मिती वाढवायची. तेही जमले नाही तर काही भागांची वीज वेळीच कापायची. 30 जुलै 2012 रोजी बीना-ग्वाल्हेर ही भारावलेली वाहिनी तुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही त्याच वाटेने गेला.

मुंबईने या धोक्यावर स्वतःचा उपाय योजला होता. 1956 मध्ये तुर्भ्याचे औष्णिक केंद्र सुरू झाले, 1984 मध्ये तिथे 500 मेगावॅटचा संच आला, 1995 मध्ये उपनगरांसाठी डहाणू केंद्र उभे राहिले. बाहेरचे जाळे कोसळले तर शहराने स्वतःला तोडून घ्यावे आणि आपल्या विजेवर बेटासारखे तगावे, अशी ‘आयलंडिंग’ व्यवस्था 1980 च्या दशकाच्या आरंभापासून होती. सात बेटांच्या शहराला ही कल्पना शोभणारीच.

पण बेट तगायचे तर आत पुरेशी वीज चालू हवी. बाहेरची वीज स्वस्त मिळू लागली तेव्हा घरचे महाग संच बंद ठेवणे हिशेबाला बरोबर होते. ग्राहकाला दर कमी हवा, मग दोष कुणाला द्यावा? हिशेबात फक्त एक रकाना नव्हता: अडचणीच्या दिवसाचा.

तो दिवस 12 ऑक्टोबर 2020 चा. कळवा-खारघरकडे येणाऱ्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक गेल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, करोनाच्या दिवसांत रुग्णालये जनित्रांवर आली. आयलंडिंगने शहर तुटले खरे, पण आतली निर्मिती मागणीपेक्षा कमी पडली आणि बेट बुडाले.

त्यानंतर कामांना वेग आला. 2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही 400 केव्ही वाहिनी सुरू झाली. कुडूस ते आरे अशी 1000 मेगावॅटची, बरीचशी जमिनीखालून जाणारी एचव्हीडीसी वाहिनीही आखली गेली. म्हणजे खाडीवर आणखी बोटी आल्या. पण बोटी वाढल्या की प्रवासीही वाढतात. त्या पुन्हा काठोकाठ भरल्या तर आपण होतो तिथेच येऊ.

दिवाळीत मनोरीच्या अंगणात आकाशकंदील लागतात तेव्हा त्यामागची ही व्यवस्था दिसत नाही. कुठेतरी एक संच महाग म्हणून टीका सोसत तयार उभा असतो, एखादी वाहिनी अर्धीच भरलेली असते. हिशेबनीस त्याला वाया गेलेला खर्च म्हणतात. 12 ऑक्टोबरनंतर तरी मुंबईकराने त्याला विम्याचा हप्ता म्हणावे आणि तो कुणी, किती भरायचा यावर उजेडातच बोलून घ्यावे.