पाऊणशे रुपयांचे व्रत

आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड इथे एडमंड राइस नावाच्या व्यापाऱ्याने 1802 साली गरिबांच्या पोरांसाठी शाळा काढली आणि त्यातून पुढे ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ हा मास्तरांचा पंथ उभा राहिला. हे ब्रदर म्हणजे पाद्री नव्हेत. लग्न करायचे नाही, स्वतःचा पैसा ठेवायचा नाही, वरिष्ठ धाडतील त्या शाळेत जायचे आणि हातपाय चालतात तोवर शिकवायचे, एवढाच त्यांचा धर्म. उभा जन्म खडू-फळ्यात काढलेले ब्रदर तिकडे गावोगाव होऊन गेले. मी स्वतः गणिताचा मास्तर, तोही पुण्यातला. त्यामुळे असे काही वाचले की मला आमच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे लाइफ मेंबर आठवतात. आमच्या या पंथाला झगा नव्हता, पगडी होती.

1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींच्या डोळ्यांपुढे जेझुइट पाद्री होते. पुण्यात त्यांची सेंट व्हिन्सेंट शाळा 1867 पासून चालू होती, तेव्हा नमुना लांब शोधायला नको होता. आजीव सभासदाने, म्हणजे लाइफ मेंबरने, वीस वर्षे संस्थेला द्यायची, पगार महिना पाऊणशेच्या आसपास, बाहेरच्या उद्योगांत लक्ष घालायचे नाही. हे शेवटचे कलमच नडले. कोणी वर्तमानपत्र चालवतो, कोणी सार्वजनिक सभेचे काम बघतो, कोणी पुस्तके लिहून पैसे मिळवतो, यावरून टिळकांचे बाकीच्यांशी बिनसले आणि 1890 साली त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या त्या लांबलचक राजीनामापत्रातही जेझुइटांचा दाखला आहे.

टिळक गेले आणि गणिताची खुर्ची रिकामी झाली. तिथलेच प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईहून आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या वेळच्या मित्राला बोलावून घेतले. धोंडो केशव कर्वे. कोकणातल्या मुरूडचे. शाळेत असताना परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले, तर तिथल्या मंडळींनी ‘हा फारच लहान दिसतो’ म्हणून बसूच दिले नाही. मुंबईत तीन-चार ठिकाणी शिकवून त्यांचे बरे चालले होते. तरीही मिळकतीतल्या रुपयामागे एक पैसा ते गावच्या कामासाठी ‘मुरूड फंडा’त बाजूला टाकत. हिशेब त्यांच्या हाडात होता. 1891 साली फर्ग्युसनमध्ये आले, ते 1914 पर्यंत गणितच शिकवत राहिले.

वर्गात ते कसे होते? वक्ते नव्हते, हे सगळेच सांगतात. आवाज बेताचा, विनोद नाही. मला यात काही उणे वाटत नाही; गणिताच्या तासाला टाळ्या पडू लागल्या की समजावे, फळ्यावर काहीतरी राहून गेलेय.

1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा विद्यार्थिनीशी, लग्न केले. मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला. सख्ख्या भावालाही जातीबाहेर टाकायची धमकी दिली. अण्णासाहेब कर्वे वाद घालत बसले नाहीत. 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली आणि 1900 साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या जागेवर. तिथली पहिली झोपडी आजही जपून ठेवलेली आहे. ती जरूर बघावी. एवढ्याशा कुडाच्या जागेत शाळा, स्वयंपाक आणि झोपणे कसे मावले असेल, हे गणितही सोपे नाही.

आज ज्याला आपण कर्वे रस्ता म्हणतो आणि ज्यावर सिग्नलला पाच-पाच मिनिटे चरफडत उभे राहतो, तिथे तेव्हा शेते होती. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. कॉलेज सुटले की प्रोफेसर साहेब संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत फर्ग्युसनच्या तासाला हजर. जोडीला आश्रमासाठी वर्गणी मागत फिरणे होतेच.

1908 साली त्यांनी आणखी एक पाऊल टाकले आणि निष्काम कर्म मठ स्थापन केला. आयरिश ब्रदरच्या सर्वांत जवळ जाणारी पुण्यातली गोष्ट ही. सभासदाने शपथ घ्यायची, जन्म मठाच्या कामाला वाहायचा, निर्वाहापुरते घ्यायचे. फरक एवढाच की इथे देवाचे नाव गौण होते आणि बायकाही शपथ घेत होत्या. पार्वतीबाई आठवले त्यांतल्याच. स्वतः विधवा, पुढे आश्रमासाठी पैसा जमवायला थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

पण ब्रदरला घर नसते, अण्णासाहेबांना होते. त्यांनी आपली विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे केली, तेव्हा गोदूबाई, म्हणजे घरच्या ‘बाया’, चिडल्या. पोरांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी संसाराची ही ओढाताण कसलाही आडपडदा न ठेवता मांडली आहे. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याने हेही शेजारी ठेवून वाचावे. वीस वर्षांची शपथ एकाने घेतली, पण पाऊणशे रुपयांत महिना काढायचे काम दुसऱ्याच माणसाकडे होते.

1914 साली निवृत्त झाल्यावर लोकांना वाटले, आता थांबतील. 1916 साली महिला विद्यापीठ निघाले. 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी मंडळी काढून ते पुन्हा पुण्यात दारोदार वर्गणी मागू लागले. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले, 1962 साली गेले. मुलांपैकी दिनकरराव जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले. कुठेही चांगली नोकरी मिळाली असती. ते फर्ग्युसनमध्ये लाइफ मेंबर झाले.