घरातलं ‘करणारं’ माणूस



दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन जीपीकडे गेलो होतो. खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं, “घरात केअरर कोण आहे?” मी चटकन म्हणालो, “कोणी नाही, आम्ही घरचेच बघतो.” त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि आम्ही घरी आलो.

त्या वेळी आमच्या घरी काय चाललं होतं ते सांगतो. सासूबाई पन्नास वर्षं या देशात राहिल्या, पण डिमेन्शिया वाढत गेला तसं त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं. बायकोनं नोकरी पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आणली होती. चौदा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की आजीला गोळ्या द्यायचा आणि नर्स आली की दुभाष्याचं काम करायचा. मी आयटी सल्लागार. क्लायंटच्या कामाचा अर्धा तासही टाइमशीटमध्ये भरायचा राहत नाही. घरातल्या या तासांसाठी मात्र माझ्याकडे रकानाच नव्हता.

याला कारण आपली भाषाही असेल. आपण विचारतो, “आईचं कोण करतं?” उत्तर येतं, “सून करते.” करणं आहे, पण करणाऱ्याला नाव नाही. ‘केअरटेकर’ म्हटलं तर पगारावर ठेवलेलं माणूस डोळ्यांसमोर येतं. मला वाटायचं, हे आपल्याच लोकांचं वैशिष्ट्य. मग या देशातला इतिहास वाचला आणि माझा गैरसमज दूर झाला.

१९५४ साली मेरी वेबस्टर नावाच्या ३१ वर्षांच्या बाईंनी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी आपलं काम सोडलं. त्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होत्या. लग्न न झालेली मुलगी आहे, ती बघेलच, असं इंग्लंडमध्येही धरूनच चालत. पगार गेला, पुढचं पेन्शन गेलं, मैत्रिणी दुरावल्या. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहून ही स्थिती मांडली. देशभरातून बायकांची उत्तरं आली. प्रत्येकीला तोवर वाटत होतं की ही अडचण आपल्या एकटीच्याच घरातली आहे. त्यातून १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दोन वर्षांत अशा स्त्रियांना करात सवलत मिळाली. मेरीबाई १९६९ मध्ये वारल्या.

पुढची गोष्ट टीव्हीमुळे घडली. ‘क्रॉसरोड्स’ ही त्या काळातली लोकप्रिय मालिका. तिच्यातल्या सँडी या पात्राला अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसावं लागतं. त्या कथानकातून घरच्यांवर पडणाऱ्या भाराची चर्चा सुरू झाली आणि मालिका काढणाऱ्या कंपनीनं १०,००० पौंड दिले. त्यातून १९७४ मध्ये रग्बी गावात एक योजना सुरू झाली. कल्पना साधी होती : शिकवून तयार केलेलं माणूस काही तास घरी येणार आणि तेवढा वेळ घरच्यांना मोकळीक मिळणार. ही योजना गावोगावी पसरली. आज ‘केअरर्स ट्रस्ट’ या संस्थेच्या मुळाशी जी दोन कामं आहेत, त्यांतलं हे एक.

१९७६ मध्ये सरकारनं काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला. आठवड्याला निदान ३५ तास आजारी किंवा अपंग माणसाचं करणाऱ्यांसाठी तो होता, पण विवाहित स्त्रियांना वगळलं होतं. त्या तशाही घरीच असणार, असा सरकारचा युक्तिवाद. मंडळी, हे वाक्य तुम्ही मराठीतूनही ऐकलंय ना?

जॅकलिन ड्रेक या विवाहित बाईंनी आईसाठी नोकरी सोडली आणि भत्ता मागितला. नकार आल्यावर त्या लढल्या आणि प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. जून १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. निकालाच्या आदल्या दिवशीच सरकारनं नियम बदलत असल्याचं जाहीर केलं होतं!

तोवर १९८१ मध्ये आणखी एक संस्था निघाली होती. काळजी घेणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, विवाहित असो वा अविवाहित, सगळ्यांसाठी ती होती. १९८८ मध्ये ती मेरीबाईंच्या संघटनेच्या वारसाशी एकत्र आली. आज आपण तिला ‘केअरर्स यूके’ म्हणून ओळखतो.

१९९५ मध्ये माल्कम विक्स या खासदारांच्या विधेयकाचा कायदा झाला आणि काळजी घेणाऱ्याच्या स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा हक्क मिळाला. २००१ च्या जनगणनेत पहिल्यांदा हा प्रश्न विचारला गेला. एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५२ लाख लोकांनी ‘हो’ म्हटलं. देशभरात पावणेदोन लाखांच्या आसपास केअरर १८ वर्षांखालचे निघाले. हा आकडा वाचताना मला माझा गोळ्या देणारा मुलगा आठवला. तो आजीवर माया करत होता, यात शंका नाही. पण त्याची फुटबॉलची संध्याकाळ कधी बंद झाली, हे आम्हा दोघांना सांगता आलं नाही.

आता थोडं कामाचं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यांनुसार कौन्सिलनं प्रौढ केअररचं आणि लहान मुलांचंही ‘असेसमेंट’ करायचं असतं. ते मोफत असतं, तुमची मिळकत कितीही असो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये वेगळे कायदे आहेत. जीपीकडे ‘केअरर’ म्हणून नाव नोंदवा. मुलाच्या शाळेला सांगा. नोकरीत ६ एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा पहिल्या दिवसापासून मागता येते. व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असेल, तर भत्ता मागण्याआधी सल्ला घ्या. असेसमेंट मात्र भत्ता नव्हे, ते मागायला घाबरू नका.

आम्ही उशिरा का होईना, नाव नोंदवलं. स्थानिक केंद्राकडून आठवड्यातून एका दुपारी एक बाई येऊन सासूबाईंपाशी बसतात आणि बायको नुसती फिरून येते. मुलगा केअरर मुलांच्या गटात जातो. पहिल्या दिवशी येऊन म्हणाला, “बाबा, तिथं मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.” सासूबाईंचं करणं कमी झालेलं नाही. ते आमचंच आहे आणि आनंदानं आहे. पण बायकोला दोन वर्षं एकटीनं ओढायला लावलं ते माझ्या ‘कोणी नाही’ या उत्तरानं, हे मला मान्य करायलाच हवं.

तेव्हा मंडळी, आज जेवताना घरात एकदा विचारा : आपल्याकडे कोण, कोणाचं, किती तास करतं? आणि पुढच्या वेळी खिडकीमागून तो प्रश्न आला, तर त्या माणसाचं नाव सांगा.

पुन्हा भेटूच. काळजी घ्या, आणि घेणाऱ्याचीही घ्या.