महाधमनीचा विस्फार आणि नालाकृती मूत्रपिंड

पोटातील महाधमनीचा व्यास सर्वसाधारणपणे २ सेंटिमीटर असतो. धमनीची भिंत दुर्बल होऊन तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला, की त्यास ‘अ‍ॅन्युरिझम’ अर्थात धमनीविस्फार म्हणतात. धूम्रपान, वाढते वय आणि आनुवंशिकता यांमुळे त्याचा धोका वाढतो. हा विस्फार बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. मात्र फुटल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. म्हणून पुरुषांत ५.५, तर स्त्रियांत ५ सेंटिमीटरच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

नालाकृती मूत्रपिंड असलेल्या रुग्णांत ही शस्त्रक्रिया अधिक अवघड ठरते. सुमारे ४०० ते ६०० व्यक्तींमागे एकीत ही जन्मजात रचना आढळते. गर्भावस्थेत दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके जुळतात आणि त्यांना जोडणारा सेतू महाधमनीच्या पुढ्यात, नेमका शस्त्रक्रियेच्या जागी येतो. शिवाय अशा मूत्रपिंडांना अनेकदा दोनाहून अधिक रोहिण्या असतात. त्यांतील काही थेट विस्फारातूनच निघतात.

खुल्या शस्त्रक्रियेत विस्फारलेल्या भागी कृत्रिम नलिका बसवतात. वाट मोकळी करण्यासाठी सेतू छेदल्यास रक्तस्राव होऊ शकतो, तसेच मूत्र झिरपून नलिकेस जीवघेणा जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. त्यामुळे शक्यतो सेतू अखंड ठेवतात. काही शल्यविशारद डाव्या कुशीतून, उदरावरणाच्या मागून महाधमनीपर्यंत पोहोचतात. महत्त्वाच्या अतिरिक्त रोहिण्या नव्या नलिकेला जोडता येतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

दुसरी पद्धत जांघेतील धमनीवाटे स्टेंट-ग्राफ्ट बसवण्याची. अर्जेंटिनाचे शल्यविशारद हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली. यात सेतूला हात लावावा लागत नाही. मात्र ग्राफ्टखाली झाकल्या गेलेल्या रोहिणीचा रक्तपुरवठा थांबून मूत्रपिंडाचा तेवढा भाग मृत होतो. मूत्रपिंडाचे कार्य उत्तम असेल आणि रोहिणी बारीक असेल, तर ही हानी बहुधा सोसते. कार्य आधीच मंदावले असल्यास तीच महागात पडू शकते.

म्हणूनच पद्धत ठरवण्यापूर्वी सीटी अँजिओग्राफीद्वारे प्रत्येक रोहिणीचा उगम व जाडी पाहणे आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासणे अनिवार्य ठरते. सोनोग्राफीत जोडलेली मूत्रपिंडे आढळली असल्यास रुग्णाने तो जुना अहवाल शल्यविशारदांना अवश्य दाखवावा. स्टेंट-ग्राफ्टनंतर रक्तगळतीवर लक्ष ठेवण्यासाठी आयुष्यभर नियमित तपासणी आवश्यक असते.