जांभळीवरून पडलेला हात

माझ्या मामाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळलेली आहेत. लहानपणी मला वाटायचं, मामा मुठीत काहीतरी लपवतो. तो लपवायचा खरं, पण हातच. लग्नकार्यात तो हात कायम खिशात.

मामाचं गाव आरमोरीकडचं. १९७५ साली, सात वर्षांचा असताना, तो जांभळीवरून पडला. तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. चंद्रपुरातून तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. एक्स-रे काढायचा तर फार लांब जावं लागे. गावातल्या जाणत्या माणसाने कोपर ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. "हात तं बसला, पण वाकडाच बसला," आजी सांगायची. त्या हाताने नांगर धरता येत होता, धान कापता येत होतं. सगळे विसरले.

वीस वर्षांनी करंगळी बधिर झाली. मग अंगठ्याजवळ खड्डा पडला, बोटं वळली. आमच्या भागात वळलेल्या बोटांचा अर्थ एकच लावला जाई: महारोग. गावं ज्यांना बाहेर काढत होती त्यांच्यासाठीच बाबा आणि साधनाताई आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. औषधं आली, पण भीती गेली नाही. मामाच्या हातचं पाणी लोक टाळू लागले. मावशीची ठरत आलेली सोयरीक मोडली. घाबरून मामा दोन वर्षं कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही.

कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? ती अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीतून, ती कातडीखालून जाते. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागात वाढतात, म्हणून ही नस तिथे सुजते, जाड होते. पण लहान मुलाच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडून नीट जुळलं नाही, तर वाढत्या वयाबरोबर हात बाहेर झुकतो आणि हीच नस वर्षानुवर्षं ताणली जाते. कारणं दोन, दिसणारा हात जवळपास सारखा.

नॉर्वेत हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला १८७३ मध्ये. कोपराच्या जुन्या दुखापतीनंतर उशिरा येणारा हा लुळेपणा पॅरिसमध्ये पानास या सर्जनने नोंदवला १८७८ मध्ये. नस खोबणीतून काढून पुढे सरकवायची शस्त्रक्रिया कर्टिसने १८९८ मध्ये मांडली. म्हणजे मामा पडला तेव्हा हे ज्ञान पाऊणशे वर्षांहून जुनं होतं.

शेवटी एका तपासणी शिबिरात डॉक्टरांनी मामाला अंगठा आणि पहिल्या बोटात कागद धरायला सांगितला आणि ओढला. अंगठ्याचं टोक वाकलं. ही खूण पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्सच्या फ्रोमाँने सांगितली. पण ती फक्त नस अशक्त झाल्याचं सांगते, का ते नाही. म्हणून डॉक्टरांनी अंगावर बधिर चट्टे शोधले, इतर नसा चाचपल्या. मग दोन्ही हात सरळ करायला लावले आणि विचारलं, "लहानपणी कोपर मोडलं होतं का?"

शस्त्रक्रिया झाली. बधिरपणा वाढायचा थांबला, पण सुकलेले स्नायू परतले नाहीत.

"महारोग नव्हता" म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तो श्वास खटकतो. असता तरी १९८२ पासून बहुविध औषधोपचार उपलब्ध होता. रोग बरा झाला असता. दोन्ही आजारांत महत्त्वाची असते ती वेळ, आणि मामाची दोन वर्षं लाजेने खाल्ली.

मी दिवसभर कीबोर्ड बडवतो. डाव्या करंगळीने शिफ्ट दाबताना कधीकधी मामाचा हात आठवतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा सायकलवरून पडला. कोपर सुजलं. सगळे म्हणाले, सकाळी बघू. मामाने त्याच रात्री गाडी काढायला लावली आणि एक्स-रे होईपर्यंत पोराच्या शेजारी बसून राहिला, दोन्ही हात खिशाबाहेर.