भिंतीच्या भेगा व भगदाडांची दुरुस्ती

दगडमातीच्या किंवा विटांच्या घरभिंतींना गेलेले तडे आणि पडलेली भोके बुजवून भिंतीला पुन्हा एकसंध करण्याचे काम. हिंगोली जिल्ह्यात २०२४ साली या कामाला निकड आली. २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर ४.५ रिश्टरचा धक्का बसला आणि दहा-बारा मिनिटांत ३.६ चा दुसरा. १० जुलैला सकाळी सव्वासातला पुन्हा ४.५. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज तर लोक कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने घराच्या छतावरच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड उतरवून घ्यायला सांगितले. सूचना साधी होती, पण अगदी नेमकी.

इथली प्रत्येक भेग मात्र भूकंपाची नसते. कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते. तिच्यावर उथळ पाया घेतलेले घर दरवर्षी थोडे वर-खाली होते. अशा घराची भेग कोपऱ्याकडे किंवा खिडकीच्या कोनातून तिरकी निघते, एप्रिल-मेमध्ये रुंदावते आणि श्रावणात मिटल्यासारखी दिसते. ती सिमेंटने बुजवली, तर पुढच्या उन्हाळ्यात तिथेच किंवा वीतभर अंतरावर पुन्हा फुटते. गवंडी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी तडकली, की भिंत अजून हलते आहे असे समजायचे. मग आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो : न्हाणीचे पाणी पायापासून दूर न्यायचे, अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, जोत्याभोवती मुरूम कुटून फरशी टाकायची. भिंतीला हात त्यानंतर.

भूकंपाचा तडा वेगळा असतो. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात आणि फट वर रुंद, खाली निमुळती होत जाते. किंवा दोन खिडक्यांमधल्या भागावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या भेगा उमटतात. सर्वांत धोक्याची खूण म्हणजे भिंतीने पोट काढणे. जुनी जाड भिंत बहुधा दोन पाखांची असते. आतबाहेर दर्शनी दगड रचलेले आणि मधल्या पोकळीत माती-कपच्यांची भर. दोन्ही पाखे बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल, तर हादऱ्याने बाहेरचे पाख सुटून पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हेच झाले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. हिंगोलीच्या खेड्यांतली जुनी घरे त्याच घडणीची आहेत, म्हणून इथे भिंतीचे पोट दिसूनही वरून नुसता गिलावा मारणे अक्षम्य ठरते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३८२८ या संहितेनुसार दगडी भिंतीत दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडव्या दिशेने १.२ मीटरच्या आत आरपार दगड असायला हवा. उभ्या घरात तो नंतरही बसवता येतो. छत टेकूंवर तोलून धरायचे, पहारीचे घाव न घालता एकेक दगड हलक्या हाताने सैल करत साधारण ७५ मिलिमीटरचे आरपार भोक पाडायचे, दोन्ही तोंडे आतल्यापेक्षा जरा रुंद ठेवायची. त्यात दोन्ही टोकांना आकडे असलेली ८ मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट ठासायचे. पक्के झाले, की दोन पाखे एकत्र हलतात. किल्लारीनंतर राज्यात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, त्यात ही पद्धत वापरली गेली.

विटांच्या भिंतीतली पाच मिलिमीटरपर्यंतची भेग सिमेंटच्या पातळ गाऱ्याने भरतात. गिलावा खरवडून भेग उघडी करायची, नळ्या बसवायच्या, पाण्याने वरून खाली धुऊन घ्यायची आणि गारा खालच्या नळीपासून वर चढवत न्यायचा. उलट केले तर आत हवा कोंडून पोकळी राहते. त्याहून रुंद तडा असेल, तर सुटे तुकडे काढून सिमेंट-वाळूचा १:३ माल भरतात, दोन्ही बाजूंना जाळी ठोकून गिलावा करतात. त्यानंतर निदान आठवडाभर पाणी मारणे चुकवू नये. मराठवाड्याच्या उन्हात हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

घुशीच्या बिळात किंवा निखळलेल्या दगडाच्या जागी आतली भुसभुशीत माती पूर्ण काढावी, जागा ओली करावी, दगडाच्या कपच्या पाचरीसारख्या ठोकत भराव करावा. मातीच्या भिंतीला मातीच लावावी : पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण काही दिवस मुरवून. सिमेंटचा कडक थर मातीला धरत नाही, आतला ओलावा कोंडतो, आणि वर्ष-दोन वर्षांत ठोकले की पोकळ वाजतो. त्यामागे भिंत कुजत असते. भेगेत पिंपळ रुजला असेल, तर नुसता शेंडा खुडून भागत नाही, मूळ काढावे लागते.

ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर झुकलेली निघाली किंवा पोट हाताने ठोकताना आतली भर सरकल्याचा आवाज आला, तर दुरुस्तीचा खर्च करू नये. छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवावा आणि तेच दगड वापरून, दीड फुटांपेक्षा जास्त जाडी न ठेवता, आरपार दगड घालत नव्याने रचावा.