डेटाबेसमध्ये उरलेल्या टेम्पररी फाइल कशा काढाव्यात?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज अशी अचानक गेली आणि यूपीएस नसला, की कॉम्प्युटरवर चालू असलेला डेटाबेस कामाच्या मधेच बंद पडतो. मग त्यात हॉटेलचे बुकिंग असो की पतसंस्थेची खाती. वीज आल्यावर डेटा फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या फाइल दिसतात, डिस्क भरत आलेली असते आणि त्या डिलीट कराव्याशा वाटतात. घोटाळा होतो तो इथेच.

मोठी यादी क्रमाने लावताना मेमरी अपुरी पडली, की डेटाबेस डिस्कवर कच्चे काम करतो. काम संपले की ती फाइल तोच पुसतो. मधेच बंद पडला तर ती पडून राहते. पोस्टग्रेस-एसक्यूएल सर्व्हर नव्याने सुरू होताना अशा फाइल स्वतःच काढतो. सर्व्हर पूर्ण बंद न होता एखादी प्रोसेसच कोसळली, तर जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या तशाच राहत. २०२१ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीपासून त्याही पुसल्या जातात. म्हणजे बहुतेक वेळा रीतसर रीस्टार्ट पुरतो.

मायएसक्यूएलचे प्रकरण थोडे किचकट. टेबलची रचना बदलताना सर्व्हर पडला, तर हॅश चिन्ह आणि 'एसक्यूएल' अशी सुरुवात असलेली फाइल मागे राहू शकते. ती फोल्डरमधून उडवली तरी तिची नोंद डेटाबेसच्या आतील वहीत राहतेच. म्हणून ती 'ड्रॉप टेबल' कमांडनेच काढायची, आणि त्याआधी रचनाबदलाचे काम अजून चालू नाही ना, हे पाहायचे. चालू कामाची फाइलही तशीच दिसते. ८.० आवृत्तीपासून हा प्रसंग क्वचित येतो.

खरी भीती आहे ती टेम्पररी वाटणाऱ्या, पण तशा नसलेल्या फाइलची. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी ज्या फोल्डरमध्ये लिहिला जातो, त्याच्या नावात पूर्वी 'लॉग' हा शब्द होता. साधे लॉग समजून लोक तो रिकामा करत आणि डेटाबेस उभाच राहत नसे. अखेर २०१७ मध्ये, १०व्या आवृत्तीत, त्याचे नावच बदलावे लागले.

फोनमधल्या असंख्य ॲपमागे असलेल्या एसक्यूलाइटचेही तसेच. मुख्य फाइलशेजारची 'जर्नल' किंवा 'वॉल' फाइल कचरा वाटते, पण अर्धवट राहिलेला व्यवहार सावरायला तीच लागते. वीज गेल्यानंतर ती पुसली, तर डेटा बिघडू शकतो.

डिस्क अगदीच भरली असेल तर आधी डेटाबेसबाहेरची जागा मोकळी करावी. मग सर्व्हर बंद करून सगळ्या डेटा फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि तो पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही फाइल उरली, तर आपल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत तिचे नाव शोधावे. तिथे सापडेपर्यंत तिला हात लावू नये.