हीटरवाल्यांचं जबलपूर

जबलपूरला बाहेरची माणसं येतात ती भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला. आमच्यासारखी घरं इथे रुजली ती कारखान्यांमुळे. 1870 साली मुंबईकडून आलेली जीआयपी आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन हे दोन लोहमार्ग इथे जुळले. समुद्रापासून लांब, देशाच्या मध्यावर आणि दोन्ही बंदरांशी जोडलेलं हे गाव मग लष्कराच्या नजरेत भरलं नसतं तरच नवल. 1904 मध्ये तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. 1959 मध्ये गन कॅरेजमधून पहिला शक्तिमान ट्रक बाहेर पडला आणि 1969 साली ट्रकांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी निघाली. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्यामुळे विदर्भातला माणूस इथे नोकरीला येताना परमुलखात चाललोय असं त्याला वाटायचं नाही.

या कारखान्यांचा इतिहास लिहिणारे तोफा आणि ट्रक मोजतात. मला विचाराल तर त्यांनी या गावाला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे तापमानाची जाण. पोलादाला पाणी द्यायचं तर ते किती तापलंय हे कळायला हवं. जुना लोहार रंगावरून ओळखायचा: काळपट लाल, शेंदरी, मग नारिंगी. पुढे विजेच्या भट्ट्या आल्या, तापमान मोजणारे थर्मोकपल आले, भिंतीवर काटेवाली मीटरं लागली. मी देखभाल विभागात याच भट्ट्यांच्या तारा जोडत निवृत्त झालो. आमचे उस्ताद काट्याकडे बघायचे, पण त्याआधी भट्टीच्या झरोक्यातून आत बघायचे. डोळ्याचं आणि काट्याचं जमलं नाही तर आधी संशय मीटरवर.

ही विद्या कारखान्याच्या फाटकात थांबली नाही. जबलपूरची जानेवारीतली थंडी बोचरी असते आणि फॅक्टरीच्या क्वार्टरांत मातीच्या प्लेटचा हीटर घरोघरी असायचा. प्लेटला गोल खाचा, खाचांत निक्रोमची कॉइल. कॉइल तुटली की लोक दोन टोकं पिळून गाठ मारायचे आणि आठवड्यात ती तिथेच पुन्हा तुटायची. कारण सरळ आहे. गाठीत तार तारेला नीट चिकटत नाही, तेवढी जागा जास्त तापते, तापली की तिच्यावर ऑक्साइड चढतं, मग ती आणखी तापते. निक्रोमला साधं डाखणही धरत नाही. जाणता मिस्त्री गाठ मारतच नसे, पितळी स्क्रूत दाबून जोड द्यायचा. ‘हीटर मंद जळतो’ अशी तक्रार आली की तो कॉइल बघण्याआधी विचारायचा, संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं? 230 चं 180 झालं तर हीटरची ताकद जवळजवळ चाळीस टक्के उतरते. तेव्हाच्या वीज मंडळाचं मुख्यालय, शक्ती भवन, याच गावातल्या रामपूरला. पण दिव्याखाली अंधार असायचाच.

निक्रोमची तारही फार जुनी नाही. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाला निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट 1906 साली मिळालं. त्याआधी लोखंडाची तार तापवली की जळून जायची आणि प्लॅटिनम परवडायचं नाही. मार्शच्या तारेवर तापल्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. गंमत अशी की के-टाइप थर्मोकपलमधली एक तार, क्रोमेल, याच घराण्यातली. तापवणारी आणि ताप मोजणारी बहिणी-बहिणी निघाल्या.

हे सगळं पुन्हा उगाळायचं कारण म्हणजे भाच्याने घरी जोडायला घेतलेला संच. थ्रीडी प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची 1.75 मिलिमीटरची तार घरीच काढायचं हे यंत्र. मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू नळीतून दाणे पुढे ढकलतो, नळीवरचा हीटर ते वितळवतो, तोंडातून तार निघते. या कल्पनेला घरगुती रूप देणाऱ्यांत ह्यू लायमन हे नाव मोठं. अमेरिकेतला हा निवृत्त गृहस्थ; स्वस्त यंत्रासाठी लावलेलं चाळीस हजार डॉलरचं बक्षीस त्याने 2013 मध्ये जिंकलं, तेव्हा त्याचं वय होतं 83. निवृत्तांनी ओसरीवर बसून राजकारणच बोलावं असा नियम नाही, हे मी घरात त्याच्या नावाने ऐकवतो.

भाचा म्हणाला, “मामा, हीटर खराब आलाय, दुसरा मागवतो.” नव्या पिढीचं हे ठरलेलं निदान. नळी चटका देत होती आणि पडद्यावरचा आकडा वाढायच्या ऐवजी उतरत चालला होता. हीटर बिचारा इमानदार होता. थर्मोकपल उलटा जोडलेला होता. लाल तार म्हणजे धन असं आपल्या हाताला वळण. पण अमेरिकन पद्धतीच्या के-टाइपमध्ये पिवळी धन आणि लाल ऋण असते. उलटं जोडलं की तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला वाटतं नळी गार पडतेय आणि तो आणखी वीज सोडतो. असं अर्धा तास चाललं असतं तर प्लास्टिक जळून खोली धुराने भरली असती.

जबलपूरच्या गुरंदी बाजारातल्या जुन्या मिस्त्रींची तपासणीची रीत इथे जशीच्या तशी चालते. वीज काढून, तारा सोडवून आधी हीटरचा रोध मोजायचा. 230 व्होल्टवरचा 100 वॉटचा बँड हीटर सुमारे 530 ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. 12 व्होल्टचा 40 वॉटचा काडीसारखा कार्ट्रिज हीटर साडेतीन-पावणेचार ओहमचा. तो चुकून 24 व्होल्टवर लावला तर चौपट, 160 वॉट ओढतो आणि लवकरच राम म्हणतो. मग बघायचा हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. तो बिघडतो तेव्हा बहुधा चिकटून बसतो, म्हणजे कंट्रोलर बंद म्हणतो आणि हीटर चालूच.

आणि पावसाळा. नर्मदेकाठच्या हवेत ऑगस्टमध्ये कार्ट्रिज हीटरच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते. रोध बरोबर येतो, तरी चालू केल्याबरोबर घरातला अर्थ लीकेजचा ब्रेकर पडतो. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला की गळती दिसते. असा हीटर फेकायचा नसतो. अर्थिंग पक्कं करून कमी व्होल्टेजवर हळूहळू तापवला की ओल निघून जाते. कारखान्यात पावसाळ्यानंतर बंद भट्ट्या आम्ही अशाच जागवायचो.

2021 च्या ऑक्टोबरपासून जबलपूरचे ते कारखाने नव्या सरकारी कंपन्यांच्या ताब्यात गेले. नावं बदलली, पाट्या बदलल्या. भट्टीवर काम केलेली माणसं मात्र अजून रांझी-खमरियाकडे भेटतात आणि चहावर मनसोक्त शिकवतात. घरी असं यंत्र जोडत असाल तर त्यांना जरूर गाठा. तोवर एवढं करा: नळीच्या लोखंडाला अर्थ जोडा, हीटरच्या ओळीत थर्मल फ्यूज घाला आणि यंत्र चालू ठेवून झोपायला जाऊ नका.